काटा कुणाच्या हातात?

(युवक शिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच, जवळजवळ, छापलं आहे.)



मला दिलेला विषय लांबलचक आहे. 'शहराचा आर्थिक विकास आणि सामाजिक, पर्यावरणीय समतोल'. पत्रिकेवर तसं छापलंय. पत्रिका मी पाळीवर घेऊन गेलो तर आमचा मुकादम म्हणाला, "हे काय असतं रे?" मी म्हणालो, "अर्धं मलाही कळलेलं नाही. पण बोलायला बोलावलंय."

मी दहावी पास. जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण या विषयातला एक शब्द मला प्राध्यापकापेक्षा चांगला माहीत आहे. तो म्हणजे समतोल. प्राध्यापकाला तो पुस्तकात भेटला. मला तो बार्जवर भेटला, आणि भेटला तेव्हा एका माणसाचा पाय घेऊन गेला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठली गोदी, कुठला ठेकेदार, ते सोडा. बार्जवर लोखंडी सळ्यांचे गठ्ठे उतरत होते. बार्ज भरायची रीत अशी की एक गठ्ठा डाव्या अंगाला ठेवला की दुसरा उजव्या अंगाला. मधे थांबायचं, पाणी बघायचं, मग पुढचा. त्यात वेळ जातो. वेळ म्हणजे जहाजाचं भाडं, म्हणजे साहेबाचा पैसा. वरून हुकूम आला, एकच बाजू आधी भरून घ्या, क्रेन फिरवत बसू नका. आमच्यातला एक म्हातारा गडी, आम्ही त्याला मामा म्हणतो, ओरडला, "अरे कलतंय, कलतंय!" कुणी ऐकलं नाही. बार्ज कलली. गठ्ठा सरकला. एका पोराचा पाय गुडघ्याखाली चेचला.

ज्याने हुकूम दिला तो धक्क्यावर होता. ज्याचा पैसा वाचला तो तर गोदीतही नव्हता, कुठेतरी एसीत होता. ज्याचा पाय गेला तो बार्जमधे होता. तो पोरगा आज नाक्यावर बसून भजी तळतो. नुकसानभरपाई विचारू नका. कागदावर तो त्या दिवशी कामावरच नव्हता.

तेव्हा मला समतोल कळला. तोल जातो तेव्हा तो सगळ्यांचा जात नाही. बार्जमधे उभा असतो त्याचा जातो. आणि तोल मोडण्याचा नफा धक्क्यावरचा माणूस घेतो. आता हीच गोष्ट मुंबई नावाच्या बार्जला लावून बघू.

*

गोदीपासूनच सुरू करतो. १४ एप्रिल आपण कसा साजरा करतो ते सांगायला नको. पण गोदीत त्या दिवसाला आणखी एक आठवण आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमधे 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी भरल्या होत्या. सोन्याच्या विटासुद्धा होत्या. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारच्या सुमाराला जहाज फुटलं. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन दिन असतो.

त्या वर्षी बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सभासद होते. आणि इथे त्यांच्या वाढदिवशी गोदीतला मजूर जळत होता. सोन्याच्या विटा गाळातून पुढे वर्षानुवर्षं सापडत राहिल्या, त्यांच्या बातम्या झाल्या. हमालांच्या नावांची यादी कुणी गाळातून काढत बसलं नाही.

ही गोष्ट का सांगतो? सोनं, कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात भरायचा, आणि त्याच्या शेजारी माणूस राबवायचा. या शहराने माल असाच भरलाय. फायदा एका फळीवर ठेवलाय, धोका दुसऱ्या फळीवर, आणि दुसऱ्या फळीवर कुठली माणसं ठेवायची ते आधीच ठरलेलं आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. आला म्हणून १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. शहर सुधारायचं, ऊन-वारा आणायचा. रस्ते रुंद झाले, हे खरं. पण गरिबांची जितकी घरं पाडली तितकी पहिल्या वर्षांत बांधली गेली नाहीत. माणसं उठून शेजारच्या खोल्यांत आणखी दाटीने राहिली. नंतर त्याच ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या त्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले, तिथे अभ्यास केला. ही चाळ म्हणजे दया नव्हती. शहराला गिरणीत आणि गटारात माणूस हवा होता, म्हणून चाळ झाली.

आता एक साल लक्षात ठेवा. १९२७. त्या साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्यायलं आणि हजारोंना प्यायला लावलं. पर्यावरण, पर्यावरण म्हणतात ना, या देशातली पर्यावरणाची पहिली मोठी लढाई मी त्या तळ्याला म्हणतो. पाणी कुणाचं, हाच तर प्रश्न होता. आणि त्याच १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. एकीकडे आपण पाण्याकडे निघालो, दुसरीकडे शहराने आपल्या वस्तीकडे कचरा धाडला. मी कवी आहे म्हणून जुळवून सांगतोय असं वाटेल. सालं मी जुळवलेली नाहीत, इतिहासाने जुळवली आहेत.

देवनारचा तो डोंगर १३० हेक्टरच्या आसपास पसरलाय. बाजूला गोवंडी, शिवाजीनगर, बैंगणवाडी. दलित, मुसलमान, यूपी-बिहारातून आलेले, शहरातून हाकललेले. जानेवारी २०१६ मधे तो डोंगर पेटला. धूर इतका की उपग्रहाच्या फोटोत दिसला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर बांद्र्याला, दादरला गेला तेव्हा पेपरात पहिल्या पानावर आला. त्याआधी तो डोंगर धुमसत नव्हता काय? धुमसत होता. पण गोवंडीच्या फुप्फुसाला पहिलं पान नसतं.

आणि पुढची गंमत ऐका. २०२४ साली याच डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. म्हणजे ज्यांनी धारावीत चामडं कमावलं, मडकी भाजली, भंगार निवडलं, त्यातल्या 'अपात्र' ठरलेल्यांना कचऱ्यावर घर. आधी कचरा साफ करणार आहेत म्हणे. करोत. पण मला एवढंच सांगा, साफ केलेली जागा इतकी चांगली असेल तर टॉवर तिथे बांधा आणि माणसं धारावीत ठेवा. हे कुणाला सुचत नाही. सुचणार नाही.

*

गिरण्यांचं तुम्हाला पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझा आजा त्यात होता. संप कुणी मागे घेतला नाही आणि गिरण्याही धड सुरू झाल्या नाहीत. मागे राहिली जमीन. सहाशे एकरांच्या आसपास, शहराच्या ऐन काळजात.

१९९१ साली नियम झाला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, मैदानासाठी. एक म्हाडाला घरांसाठी. एक मालकाला. बघा, हा खरा समतोल होता. पर्यावरणाला एक, समाजाला एक, धंद्याला एक. असा नियम याच शहराने, याच सरकारने लिहिला होता. म्हणून कुणी सांगितलं की समतोल साधणं अवघड असतं, तर त्याला ही १९९१ ची आठवण द्या.

मग २००१ साली त्यात एक दुरुस्ती झाली. वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे. ज्या जमिनीवर बांधकाम उभं आहे ती वाटणीत नाही. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच की. शब्द एक बदलला आणि एकर गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती अडवली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती पुन्हा चालू केली. आज लोअर परळला जा. आजाच्या खात्याच्या जागी मॉल आहे. मी तिथे गेलो होतो. संडास चकचकीत आहे, पाणी आपोआप येतं. वॉचमन माझ्या चपलांकडे बघत होता.

पोरांनो, कविता लिहा, मोर्चे काढा, पण विकास नियंत्रण नियमावली पण वाचा. आपल्या आज्याची जमीन कोणत्याही गुंडाने लुटलेली नाही. ती एका ओळीने लुटली आहे.

*

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. तुम्ही म्हणाल, भांडवलदार वाईट आहे हे आम्हाला माहीत आहे. पण पर्यावरणवाला तर चांगला ना? झाडं वाचवतो, नदी वाचवतो.

काही चांगले आहेत. ऑक्टोबर २०१९ मधे आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं तोडली, तेव्हा रात्री पोरंपोरी धावत गेली, आत बसली. त्यांना माझा सलाम. तिथले आदिवासी पाडे त्यांच्या आधीपासून लढत होते, त्यांना दोन सलाम.

पण १९९७ पण आठवा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान वाचवायला एका पर्यावरण संस्थेने कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाच्या हुकमाने जंगलातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जंगलाच्या कडेला बंगले आणि बिल्डिंगा वाढत गेल्या, त्या दिसल्या नाहीत. २००० साली सर्वोच्च न्यायालय कचऱ्याच्या खटल्यात म्हणालं की अतिक्रमण करणाऱ्याला फुकट जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखं आहे. खटला कचऱ्याचा होता, लक्षात घ्या. कचऱ्याचा विचार करता करता त्यांना आपली आठवण झाली.

आणि माहूल. तानसाची मोठी पाइपलाइन शहराला पाणी आणते. तिच्या दोन्ही बाजूंनी दहा दहा मीटर मोकळे पाहिजेत, असा कोर्टाचा हुकूम होता. पाइपाची काळजी बरोबर आहे. तिच्या कडेला राहणारे, ज्यांच्या घरात नळ नव्हता, ते २०१७ पासून उचलून माहूलला टाकले. माहूलला काय आहे? तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. आणि मधे ७२ इमारती. २०१५ सालीच हरित न्यायाधिकरणाने म्हटलं होतं की इथली हवा रहिवाशांच्या तब्येतीला धोक्याची आहे. त्यानंतर तिथे माणसं नेली. लोक विद्याविहारला रस्त्यावर बसले, बाया महिनोन्महिने बसल्या. शेवटी २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितलं की इथे आणखी कुणाला पाठवू नका आणि असलेल्यांना दुसरीकडे राहायला महिना पंधरा हजार भाडं द्या.

आता मला सांगा, आरेत जेवढी गर्दी झाली तेवढी माहूलला झाली का? झाड तोडलं तर शहराला दिसतं. माणूस आतून कापला तर दिसत नाही. तक्रार त्या पोरांविरुद्ध नाही. तक्रार आपल्याविरुद्ध आहे. पर्यावरण हा विषय आपण त्यांच्याकडे ठेवला. तो आपला विषय आहे, आपल्याशिवाय कुणाचा नाही. गटारात उतरतो कोण? कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला. २०१४ साली गटारात मेलेल्या माणसाची किंमत दहा लाख ठरली, २०२३ साली तीस लाख झाली. किंमत वाढली. मरणं थांबलं नाही. शहराची हवा, पाणी, मैला, कचरा, हे सगळं ज्यांच्या हातातून जातं त्यांच्याइतका पर्यावरणतज्ज्ञ कोण आहे?

*

एवढं बोललो की लोकांना वाटतं, हा विकासाच्या विरोधात आहे. नाही. आणि इथे मला घरातली गोष्ट सांगायची आहे.

आमची वस्ती गोदीच्या जमिनीवर आहे. गेल्या वर्षी दारावर नंबर टाकले. लाल रंगाने. सर्वे म्हणाले. मी आईला सांगितलं, बघ, आता हाकलतील, लढलं पाहिजे. आई भांडी घासत होती. म्हणाली, "लढ की. पण मला घरात संडास पायजे. दाराला आतून कडी असलेला. रात्री तुझ्या भनीला घेऊन रूळ ओलांडून मी जाते, तू येतोस का? तू तर तवा कविता लिवत असतोस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कविता करून आईला संडास देता येत नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतो, झोपडपट्टीचं गोडवं गाऊ नका. चिखलात राहण्यात क्रांती नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी शेतीवरचा भार कमी करायला उद्योगधंदे वाढवा असं मांडलं. खेड्याला ते स्वर्ग मानत नव्हते. आपला बाप-आजा गावकुसाबाहेरून पळून शहरात आला तो विकासाकडेच आला. शहर आपल्याला जातीच्या विहिरीपासून सोडवणारं होतं. आपल्याला शहर पाहिजे, कारखाना पाहिजे, रेल्वे पाहिजे, चौदावा मजला पण पाहिजे.

पण तो चौदावा मजला कसा? गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या वसाहती बघा. दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. डॉक्टरांनी तिथे पाहणी केली, २०१८ साली सांगितलं की ज्या घरांत ऊन-वारा पोचत नाही तिथे टीबी जास्त आहे. झोपडी आडवी होती ती उभी केली, एवढाच विकास. आईला मी कडी मिळवून देईन, पण तिच्याबरोबर तिला टीबी मिळणार असेल तर हा सौदा कुणी केला?

आणि पाणी कुठे जाणार याचाही हिशोब आपलाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या तोंडाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं, विमानतळासाठी नदी वळवली. पाण्याला जायला जागा राहिली नाही, ते कुर्ल्यात, कलिन्यात, क्रांतीनगरात आलं. काचेच्या इमारती सुकल्या, आपली घरं वाहून गेली. नदीच्या जागेवर बँक बसली की अतिक्रमण नाही. झोपडी बसली की अतिक्रमण.

*

आता शेवटचं, आणि कामाचं. बोलून घरी जायचं असेल तर भाषण कशाला.

मुंबई बंदराकडे साधारण अठराशे एकर जमीन आहे. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, इकडची माणसं कमी होत गेली. काम गेलं आणि जमीन राहिली. गिरणीचीच गोष्ट. २०१४ पासून या जमिनीच्या समित्या, २०१८ साली बंदरालाच तिचं नियोजन प्राधिकरण केलं, आराखड्याचा मसुदा निघाला. चौपाटी, बगीचे, क्रूझ, सगळं आहे. शिवडीची चिखलजमीनही आहे, तिथे दरवर्षी रोहित पक्षी येतात. पक्षी येऊ देत, मी पण बघायला जातो. पण कौला बंदर, दारूखाना, रे रोड इथल्या माणसांचं काय? जमीन केंद्राची, म्हणून राज्याची झोपु योजना इथे आपोआप लागू नाही. पक्ष्याला पत्ता आहे, माणसाला नाही.

म्हणून चार गोष्टी.

एक. १९९१ ची तीन वाट्यांची वाटणी या जमिनीला लावा, आणि २००१ ची चोरवाट आधीच बुजवा. अठराशे एकरातला तिसरा हिस्सा सहाशे एकर होतो. मागायला लाजू नका.

दोन. जो जिथे राहतो आणि जिथे राबतो, त्याला तिथेच घर. दोन इमारतींत ऊन पडेल एवढं अंतर. हे अंतर आपण स्वतः फूटपट्टी घेऊन मोजायचं.

तीन. कारखाना, कोळसा, डम्पिंग, यांच्या शेजारी माणूस ठेवण्याआधी हवा मोजा, आणि आकडा वस्तीच्या नाक्यावर मराठीत लिहा. रोजचा.

चार. विकासाच्या कामात जो राबतो त्याचं नाव हजेरीत पाहिजे. पाय गेला तर कागदावर तो कामावर असला पाहिजे.

हे होत नाही असं म्हणू नका. याच शहरात कचरा उचलणारे २७०० कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम ठरले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी प्रत्येक कागद सांभाळला, हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, सगळं. आपण तर लिहिणारी पोरं आहोत.

उद्या सकाळपासून एक काम करू. आपापल्या वस्तीचा नकाशा काढायचा. घर किती, नळ किती, संडास किती, खोकणारी माणसं किती, कोण कधीपासून राहतं, पुरावा काय. वह्या मी आणल्या आहेत, चाळीस पानी, बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक घ्या. सरकारच्या सर्वेच्या आधी आपला सर्वे तयार पाहिजे.

गोदीत मामा अजून येतो. परवा मी त्याला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही ओरडलात, कुणी ऐकलं नाही. आता काय करता?" मामा म्हणाला, "आता ओरडत नाही. आता मी गठ्ठा धरतच नाही. आणि माझ्याबरोबर टोळीतले नऊ जण धरत नाहीत. मग क्रेन आपोआप फिरते."

मित्रांनो, समतोल असा येतो.

जय भीम.